जुन्या बेसबॉलपटूंची स्वाक्षरीची पत्रे जमवताना आधी काय पाहावे?

जुन्या बेसबॉलपटूंची स्वाक्षरी असलेली पत्रे जमवायची असतील तर सुरुवात कोणापासून करावी आणि पत्र अस्सल आहे हे कसे ओळखावे, असे आपण विचारले आहे. मी सुरुवात टाय कॉब यांच्यापासून केली आणि आपल्यालाही तेच सुचवेन. १९२८ मध्ये खेळातून निवृत्त झाल्यावर त्यांनी चाहत्यांच्या पत्रांना स्वहस्ते, पुष्कळदा हिरव्या शाईने, मनापासून उत्तरे लिहिली, त्यामुळे त्यांची पत्रे आजही विक्रीला येतात.

मी स्वाक्षरी सर्वांत शेवटी पाहतो. ती सरावाने गिरवता येते. मात्र त्या काळचा कागद, शाई आणि पत्ता हे सारे एकाच वेळी जुळवणे बनावट करणाऱ्याला फार जड जाते. कॉब १९६१ मध्ये वारले आणि अमेरिकेत झिप कोड, म्हणजे आपल्या पिन कोडसारखा क्रमांक, १९६३ मध्ये आला. मी घेतलेल्या पहिल्याच 'कॉब' पत्राच्या छापील पत्त्यात तो क्रमांक होता, हे माझ्या ध्यानात आले तेव्हा विक्रेत्याकडून पैसे परत मिळण्याची मुदत उलटून गेली होती. त्याचे मला आजही वाईट वाटते. अमेरिकेत बॉलपेनची विक्री १९४५ मध्ये सुरू झाली, तेव्हा १९४१ मध्ये निधन पावलेल्या लू गेहरिग यांचे बॉलपेनने लिहिलेले पत्र खरे असूच शकत नाही.

मजकूर कोणाच्या हातचा आहे, हेही विचारावे. 'शूलेस' जो जॅक्सन यांना लिहिता-वाचता जवळजवळ येत नसल्याने त्यांच्या वतीने पत्नी केटी सही करीत. म्हणून त्यांच्या नावाचे लांबलचक हस्तलिखित समोर आले तर सरळ नकार द्यावा.

टंकलिखित पत्रांना मात्र कमी लेखू नये. कृष्णवर्णीय बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन यांनी १३ मे १९५८ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना पाठवलेले पत्र टंकलिखितच आहे. कृष्णवर्णीयांना पुन्हा पुन्हा धीर धरायला सांगितले जाते, यावरचा त्यांचा संताप त्यात ओळीओळीत जाणवतो. ते सरकारी अभिलेखागारात असल्याने विकत मिळणार नाही. परंतु खेळाडूचा स्वभाव ज्यात उतरला आहे असे पत्र, नुसत्या 'आभारी आहे' या ओळीखालच्या ठसठशीत सहीपेक्षा मी केव्हाही आधी घेईन.

आणि एक विनंती: महत्त्वाचा कागद लॅमिनेट करून ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे, ती येथे कटाक्षाने टाळावी. आम्लविरहित कागदाच्या पाकिटात, उन्हापासून दूर, पत्र ठेवावे.