लग्नानंतर एच-फोर व्हिसावर अमेरिकेत लगेच जॉब करता येतो का?

लगेच नाही हो. नवरा एच-वन-बीवर (नोकरीच्या व्हिसावर) आहे म्हणून तुम्हाला एच-फोर मिळेल, त्यावर शिकता येतं पण पगार घेता येत नाही, त्यासाठी वेगळं ईएडी कार्ड, म्हणजे काम करायचा परवाना, लागतं आणि 2015 च्या नियमाप्रमाणे ते साधारण तेव्हाच मिळतं जेव्हा नवऱ्याची आय-140 (कंपनीने त्याच्या ग्रीन कार्डसाठी केलेली याचिका) मंजूर झालेली असते. म्हणजे त्याच्या कंपनीने ग्रीन कार्डची प्रोसेस सुरू केलेली हवी. त्यात आधी बहुतेक वेळा पर्म (तिथल्या कामगार खात्याची मंजुरी), मग आय-140, वर्ष-दीड वर्ष सहज जातं. तेव्हा साखरपुड्याआधीच सरळ विचारा, "आय-140 झालीय का?" यात लाजण्यासारखं काही नाही, तुमच्या करिअरचा प्रश्न आहे.

आय-140 मंजुरीची नोटीस असेल तर तिकडे पोचल्यावर ईएडीसाठीचा आय-765 फॉर्म भरा. कार्डावर कॅटेगरी सी26 छापून येते, ती नीट बघा.

आणि कार्ड संपायच्या 180 दिवस आधीच रिन्यूअलचा अर्ज टाका, कारण 30 ऑक्टोबर 2025 पासून टाकलेल्या अर्जांना आपोआप मुदतवाढ मिळत नाही, जुनं कार्ड संपलं की काम बंद. माझ्या बहिणीचा चांगला चाललेला जॉब असाच दोन महिने थांबला, फार वाईट वाटलं तेव्हा.