पणजीतल्या आमच्या ऑफिसात दुपारी डोकं जड होतं, डोळे चुरचुरतात. ऑफिसातली हवा नेमकी कशाने बिघडते?

घरी पोचल्यावर तासाभरात बरं वाटतं आणि शेजारच्या टेबलांवरही हीच तक्रार आहे, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे संशय इमारतीवरच घ्यायला हवा. पणजी-पर्वरीच्या ऑफिसांची देखभाल हे माझं रोजचं काम, म्हणून सांगतो: आधी एसी बघा.

स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेतो, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं नाही. तो खोलीतलीच हवा गार करून परत खोलीत सोडतो. खिडक्या बंद, आत वीस माणसं. बाहेर कार्बन डायऑक्साइड साधारण ४२० पीपीएम (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) असतो, तो अशा खोलीत दुपारपर्यंत सहज १०००च्या वर जातो. त्याने डोकं जड होतं आणि आपण म्हणतो, जेवण अंगावर आलं! बाहेर जायला वाट नसली की बाकीचंही साठतं: प्लायवूड-एमडीएफच्या गोंदातून सुटणारं फॉर्मल्डिहाइड (डोळ्यांना झोंबणारा वायू), ताज्या रंगाचा वास, लेझर प्रिंटरचे सूक्ष्म कण, फिनेल, फायलींच्या कपाटातल्या डांबराच्या गोळ्या. हल्लीच नवं फर्निचर केलं असेल, तर डोळ्यांसाठी पहिला संशय त्याच्यावर.

आपल्या गोव्यात दुसरं मोठं कारण म्हणजे ओल. आर्द्रता सतत ६० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला फावतं, आणि पावसाळ्यात इथे ती त्याहून कितीतरी जास्त असते. पुढच्या सर्व्हिसिंगला स्वतः उभे राहा. कव्हर निघालं की ब्लोअरवर टॉर्च मारा: पात्यांवर काळा थर दिसेल, ड्रेन ट्रेमध्ये बोटाला बुळबुळीत लागेल. फिल्टर धुतला म्हणजे सर्व्हिसिंग झालं, असं नाही. कॉइल, ब्लोअर, ट्रे, ड्रेनची नळी सगळं साफ व्हायला हवं. फॉल्स सिलिंगवर पिवळा डाग असेल तर वरची गळती शोधा. कुबट वासावर रूम फ्रेशनर मारतात, त्याचा मला खरंच राग येतो. बुरशी तिथेच राहते आणि हवेत आणखी रसायनं मिसळतात.

पावसाळ्यात नुसत्या खिडक्या उघडल्या तर ओल आत येते. म्हणून मालकाकडे ताजी हवा गाळून आत घेणारा फॅन मागा, आणि दमट दिवसांत एसी ड्राय मोडवर चालवा. फॅनचं तोंड जनरेटरच्या धुराकडे नको, एवढं बघा. आणि कुणाला दमा असेल, तर त्याची खुर्ची त्या एसीखालून आजच हलवा, साफसफाईची वाट बघू नका.