रजिस्ट्रेशन नंबर हातात पडायच्या आधी वाच

प्रिय बाळा,

तुझा एमबीबीएसचा रिझल्ट लागल्याचं तुझ्या आईने काल फोनवर सांगितलं, खूप खूप अभिनंदन. आता घरात येणारा जाणारा प्रत्येकजण पीजीचंच, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाचंच विचारत असेल, पण मला तुझ्याशी वेगळंच बोलायचंय, डॉक्टरच्या रजिस्ट्रेशनबद्दल आणि त्यासोबत येणाऱ्या नियमांबद्दल. हे कॉलेजात धड कुणी सांगत नाही, फॉरेन्सिकच्या पेपरपुरतं पाठ करतात आणि सोडून देतात.

पहिली गोष्ट, तू पास झालीयस पण कायद्याने अजून स्वतंत्र प्रॅक्टिस करू शकत नाहीस. आधी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं प्रोव्हिजनल रजिस्ट्रेशन, मग बारा महिन्यांची इंटर्नशिप, ती पूर्ण झाल्याचं सर्टिफिकेट, आणि मग पर्मनंट रजिस्ट्रेशन. हे सगळं कौन्सिलच्या वेबसाइटवरून होतं. प्रोव्हिजनल म्हणजे फक्त इंटर्नशिपसाठी, जिथे ती मान्य आहे तिथेच, बाकी कशासाठीच नाही. हे मुद्दाम सांगते कारण दोन तीन महिने झाले की कुणीतरी विचारेलच, अमुक हॉस्पिटलला रात्री आरएमओ, म्हणजे तिथेच थांबणारा ड्युटी डॉक्टर हवाय, नुसतं झोपायचंय, पेशंट आला तर सरांना फोन लावायचा, पैसे रोख. जाऊ नकोस. रात्री तीनला छातीत दुखणारा माणूस आला आणि सरांचा फोन लागला नाही तर त्याच्यासमोर तू एकटी असशील, आणि केसपेपरवर सही तुझी असेल, जी करायचा तुला अधिकारच नाही. २०१९ च्या नॅशनल मेडिकल कमिशन कायद्याचं कलम ३४ सरळ आहे, रजिस्टरमध्ये नाव नसताना प्रॅक्टिस केली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे कलम फक्त बोगस डॉक्टरांसाठी आहे असं आपल्या लोकांना वाटतं, तसं नाहीये.

पर्मनंट नंबर मिळाला की तो प्रिस्क्रिप्शनवर, सर्टिफिकेटवर, पैशाच्या पावतीवर लिहावा लागतो आणि क्लिनिकमध्ये दिसेल असा लावावा लागतो, २००२ च्या एथिक्स रेग्युलेशनमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या वागणुकीच्या नियमांत आहे ते. (२०२३ मध्ये नवीन नियम आले होते पण महिन्याच्या आतच स्थगित झाले, म्हणून अजून २००२ चेच धरायचे.) मला हा नियम फार आवडतो. समोरच्या म्हातारीला वाचता येवो न येवो, तिच्या नातवाला तो नंबर कौन्सिलच्या यादीत शोधून आपण कोण ते बघता येतं, आणि तो तिचा हक्कच आहे.

आता या पत्रातली माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. हा नंबर कुणाला वापरायला द्यायचा नाही. कुणालाच नाही, नातेवाइकालाही नाही. मागणारे तुला गुंड वाटणार नाहीत, चांगली गोड बोलणारी माणसं असतात. कुणी म्हणेल मॅडम हॉस्पिटलच्या कागदावर फक्त नाव लावू, तुम्ही यायची गरज नाही, महिन्याला ठरलेली रक्कम घरपोच. पुढे पीजी पॅथॉलॉजी केलंस तर लॅबवाले कोऱ्या लेटरहेडवर सह्या मागतील. रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पीजी केलेल्या रजिस्टर्ड डॉक्टरचीच सही हवी असं सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये सांगितलंय, आणि म्हणूनच सहीचा असा भाव आलाय. स्लाइड कुणीच बघितलेली नसते आणि त्या रिपोर्टवर कुणाचं तरी ऑपरेशन ठरतं, हे डोळ्यासमोर आण म्हणजे नाही म्हणायला जड जाणार नाही.

सोनोग्राफीचं तर विचारूच नकोस. पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या कायद्यात मशीनची नोंद, सेंटरची नोंद, आणि प्रत्येक गरोदर बाईच्या तपासणीची माहिती लिहायचा फॉर्म एफ. आमच्या भागातल्या एका सेंटरवरचे फॉर्म मी पाहिलेत, रेफर कुणी केलं तो कॉलम कोरा, बाईच्या डिक्लरेशनवर अंगठा आहे पण तारीख नाही, आणि खाली डॉक्टरची सही मात्र सगळ्यांवर एकाच पेनाने एकाच बैठकीत केलेली. लोक याला क्लेरिकल मिस्टेक म्हणतात. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते म्हणणं मान्य केलं नाही, रेकॉर्ड नीट न ठेवणं हाच गुन्हा. कोर्टात आरोप निश्चित झाले की कौन्सिल रजिस्ट्रेशन सस्पेंड करू शकतं, आणि शिक्षा झाली तर पहिल्या वेळी पाच वर्षं नाव रजिस्टरमधून जातं, पुन्हा झाली तर कायमचं. आणि मला वाटतं हे बरोबरच आहे, ज्या राज्यात मुली पोटातच मारल्या गेल्या त्या राज्यात हा कागद कडकच हवा.

मेडिकल सर्टिफिकेटचंही असंच. मागच्या तारखेचं दे म्हणून ओळखीचेच लोक येतात, शेजारचे काका, शाळेतले सर, आणि तोंडावर नाही म्हणणं खरंच अवघड असतं. तू पहिल्या दिवसापासून सर्टिफिकेटचं रजिस्टर ठेव, पेशंटची ओळखखूण लिही, त्याची सही किंवा अंगठा घे, एक कॉपी स्वतःकडे ठेव, हे नियमातच आहे. रजिस्टर समोर उघडलं की निम्मे लोक आपणहून विषय बदलतात.

बाकीचं पटापट सांगते. रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी रिन्यू करायचं आणि त्यासाठी सीएमईचे, म्हणजे डॉक्टरांसाठीच्या पुढच्या शिक्षणाच्या कार्यक्रमांचे तीस क्रेडिट पॉइंट लागतात, शेवटच्या महिन्यात धावपळ करू नकोस. पीजी झाल्यावर ती डिग्री कौन्सिलकडे नोंदवल्याशिवाय नावापुढे लावायची नाही. दुसऱ्या राज्यात गेलीस तर तिथल्या कौन्सिलचं बघायचं. गव्हर्नमेंट कॉलेजची आहेस म्हणजे एक वर्षाच्या सरकारी सेवेचा बॉण्ड आहे, त्याचे पैसे भरून टाकण्यापेक्षा ती सेवा कर, पीएचसीवर, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात जे शिकशील ते कुठल्या क्लासमध्ये मिळत नाही. स्वतःचं क्लिनिक काढलंस तर एकही बेड नसला तरी बायोमेडिकल वेस्टसाठी, म्हणजे दवाखान्यातल्या कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ऑथरायझेशन लागतं, सुया पांढऱ्या डब्यात, घंटागाडीत नाही, ती कचरा वेचणारी बाई पण आपलीच पेशंट असते. पेशंट ॲडमिट करणार असशील तर नर्सिंग होम कायद्याखाली नोंदणी हवी, तिचं नूतनीकरण दर तीन वर्षांनी, आणि दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावायची.

आणि कट, म्हणजे पेशंट पाठवल्याचं कमिशन, घ्यायचा नाही, द्यायचा नाही. नियमात लिहिलंय म्हणून तर आहेच, पण ते पैसे शेवटी पेशंटच्या बिलातूनच येतात, कुणीतरी सोनं गहाण टाकून भरलेलं बिल असतं ते.

ऑनलाइन फॉर्म भरताना नावाचं स्पेलिंग दहावीच्या सर्टिफिकेटवर, मार्कशीटवर आणि आधारवर एकच आहे ना ते आधी तपास, तुझ्या आधारवर बाबांचं नाव अर्धवट आलंय असं आई म्हणत होती, ते याच आठवड्यात दुरुस्त करून घे, नाहीतर अर्ज तिथेच अडकतो. काही अडलं तर नऊनंतर फोन कर, तोवर माझी ओपीडी उरकलेली असते.

तुझी,
मावशी