त्रैक्य बायबलमध्ये आहे का? आणि ते आपल्या दत्तासारखंच का?

तुमचा प्रश्न असा: दारावर पुस्तिका देणारे म्हणतात त्रैक्य बायबलात नाही, मडगावचे ख्रिस्ती मित्र म्हणतात आहे, आणि सांखळीच्या दत्तासारखंच असेल तर एवढा वाद कशाला?

आधी दत्ताचं. दत्तात तीन देव एका रूपात येतात. त्रैक्याची सुरुवातच एका देवापासून होते: पिता, पुत्र (म्हणजे येशू) आणि पवित्र आत्मा हे त्याचे तीन भाग नव्हेत, तीन सोंगंही नव्हेत, तिघे वेगळे, पण तत्त्व एकच. युरोपात एका मानेवर तीन तोंडं अशी त्रैक्याची चित्रं निघायची. पोप आठवे अर्बन यांनी १६२८ साली त्यांना मनाई केली. जुन्या गोव्यात बॉम जिझस चर्चच्या सोनेरी वेदीवर नजर वर न्या. जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांची मूर्ती, तिच्यावर येशूच्या नावाची अक्षरं असलेला सूर्य आणि त्याच्याही वर पिता, पुत्र, आत्मा, तिघे वेगवेगळे.

आता बायबल. 'त्रैक्य' हा शब्द त्यात नाही. लॅटिन 'त्रिनितास' इ. स. २०० च्या सुमारास तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाच्या लिखाणात येतो. पण शब्द नाही म्हणून कल्पनाही नाही, हा युक्तिवाद लंगडा आहे. वचनंच तपासा. मत्तय २८:१९ मध्ये तिन्ही नावं एकत्र आहेत, पण तिघे मिळून एक देव असं तिथे म्हटलेलं नाही. १ योहान ५:७ मध्ये मात्र जपून. १६११ च्या किंग जेम्स बायबलात तिथे 'हे तिघे एक आहेत' असं सरळ वाक्य आहे. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत ते नाही. ग्रीक नवा करार छापणाऱ्या इरॅस्मस या विद्वानानं १५१६ आणि १५१९ च्या आवृत्त्यांत ते घेतलं नव्हतं, १५२२ मध्ये टीका झाल्यावर घातलं. या वचनाचा आधार कुणीही घेऊ नये, चर्चच्या बाजूनं बोलणाऱ्यानं तर नाहीच.

विरोधात लोक योहान १४:२८, 'पिता माझ्याहून थोर आहे', पुढे करतात. त्यावर चर्चचं उत्तर तयार असतं: येशू हे माणूस म्हणून बोलला. मला खरा अवघड वाटतो तो मार्क १३:३२. 'तो दिवस कोणालाच ठाऊक नाही, दूतांना नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला.' पुत्राचं अज्ञान मानवी स्वभावाचं, हे क्षणभर मान्य करू. पण 'फक्त पित्याला' म्हटल्यावर पवित्र आत्माही वगळला जातो, आणि तो तर कधी माणूस झालाच नाही! अर्थात दुसऱ्या बाजूला योहान २०:२८ आहे. तिथे शिष्य थोमा येशूला 'माझ्या प्रभू, माझ्या देवा' म्हणतो आणि येशू त्याला अडवत नाही. प्रामाणिकपणे वाद घालायचा तर ही दोन वचनं शेजारी ठेवावी लागतात.

'रोमन सम्राट काँस्टंटाइननं मतदान घेऊन त्रैक्य बनवलं' हे मात्र कृपा करून कुणाला सांगू नका. ३२५ साली निसियाच्या धर्मसभेत वाद होता एरियस या धर्मगुरूशी, पुत्र निर्माण केलेला आहे की नाही यावर. त्या सभेच्या मतांगिकारात, म्हणजे श्रद्धेच्या ठरावीक कबुलीत, आत्म्याबद्दल 'आणि पवित्र आत्म्यावर' एवढंच आहे. त्याची आराधना पिता-पुत्राबरोबर होते, हे कलम ३८१ च्या काँस्टँटिनोपलच्या मतांगिकारातलं. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, म्हटला जाणारा निसियाचा मतांगिकार हा मुळात ३८१ चाच आहे, आणि त्यातले आत्मा 'पुत्रापासूनही' निघतो हे शब्द पश्चिमेकडच्या चर्चनं त्यानंतर घातले.