कन्फेशनमध्ये दर वेळी तेच पाप, आता जायचीच लाज वाटते

प्रश्न: नमस्कार ताई. मी दहिसरला राहते, आम्ही मूळचे वसईचे. सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत, त्यांचं सगळं मीच करते, शिवाय मुलांचे डबे, माझा पार्टटाइम जॉब. मी त्यांच्यावर खूप ओरडते. चादर खराब केली, गोळी थुंकली, रात्री परत परत हाक मारली की माझं डोकंच फिरतं आणि नको ते बोलून जाते. मागच्या आठवड्यात तर हात धरून जोरात ओढलं, त्या रडल्या, मग मी पण रडले. बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेनाला, म्हणजे मदर मेरीच्या खास प्रार्थनेला जाते, मदर मेरीसमोर ठरवून येते की आता नाही, आणि गुरुवारी सकाळी परत तेच. फादरना तेच तेच किती वेळा सांगायचं म्हणून ईस्टरपासून कन्फेशन, म्हणजे त्यांच्यासमोर पापांची कबुली देणं, बंद केलंय, कम्युनियन, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर, पण घेत नाही. वाटतं आधी सुधारते मग जाते. माझी श्रद्धाच खोटी आहे का?

उत्तर: ताई, श्रद्धा खोटी असती तर रडू आलं नसतं, आणि हे पत्रही आलं नसतं. तुमची श्रद्धा खरी आहे, पण "आधी सुधारते मग जाते" हे जे लिहिलंय ना, तिथेच सगळं अडलंय असं मला वाटतं.

बायबलमधलं स्तोत्र 51 काढा आज. दावीद राजाचं आहे, बथशेबा या दुसऱ्याच्या बायकोशी त्याचं प्रकरण झालं, तिच्या नवऱ्याला त्याने युद्धात मारवलं, मग नाथान संदेष्ट्याने तोंडावर सुनावलं, त्यानंतरचं. सावकाश वाचा आणि दावीद काय काय मागतो ते बघा. मला धू, मला शुद्ध कर, माझ्यात शुद्ध हृदय उत्पन्न कर, मला तुझ्यासमोरून घालवून देऊ नको, तारणाचा आनंद परत दे. नुसतं मागणं चाललंय. एवढ्या मोठ्या पापानंतरही "यापुढे मी असं करणार नाही" हे वाक्य त्या स्तोत्रात एकदाही नाही. शब्द देतो तो कशाचा, तर माझं तोंड तुझी स्तुती करील, तुझ्याकडे कसं वळायचं ते मी इतर पाप्यांना शिकवीन. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपण बरोबर उलटं करतो, सुधारण्याचा शब्द देऊन येतो आणि तो मोडला की स्तुती पण बंद करतो.

तुम्ही माहीमला जाऊन जे करता तो निश्चय आहे, आणि निश्चय चांगलाच, पण तो तुमच्याच ताकदीवर उभा आहे, आणि रात्रभर झोप न झालेल्या बाईकडे पहाटे कुठली ताकद उरते? संत पौल बायबलमधल्या, रोमकरांना लिहिलेल्या पत्रात सातव्या अध्यायात हेच सांगतो की जे चांगलं करावंसं वाटतं ते माझ्या हातून होत नाही, आणि जे नको तेच होतं. आणि तो पुढे जास्त प्रयत्न करीन असं नाही म्हणत, मला कोण सोडवील असं विचारतो, आणि लगेच येशू ख्रिस्ताद्वारे देवाचे आभार मानतो. देवाला समर्पण म्हणतात ते हेच, माझ्याने होत नाही हे देवासमोर कबूल करायचं आणि तिथून उठून न जाता त्याला हाक मारायची.

म्हणून कन्फेशनला जा, या शनिवारीच जा. माहीमची ती नोव्हेना 1948 पासून चालू आहे, दर बुधवारी किती जातीधर्माची माणसं तिथे येतात ते तुम्ही बघताच, त्यातलं कोण आधी सुधारून येतं सांगा? येशूचा शिष्य पेत्र याने विचारलं होतं की भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा का, तर प्रभू म्हणाले सातच्या सत्तर पट. जो आपल्याला एवढी क्षमा करायला सांगतो तो स्वतः मोजत बसेल का? पश्चात्तापाची प्रार्थना आठवा, तिथला निश्चय पण "तुझ्या कृपेच्या साहाय्याने" असतो. पुन्हा पडणार नाही याची गॅरंटी चर्च मागत नाही, मनापासून वळायची तयारी मागतं. फादरना तेच पाप सांगायची लाज सोडा, माणसाची पापं बहुतेक वेळा तीच तीच असतात. तुम्ही कम्युनियन घ्यावं की नाही हेही त्यांनाच विचारा, एकटीने निकाल लावू नका.

आता हात ओढल्याबद्दल. हे मी हलक्यात घेणार नाही, तुम्ही पण घेऊ नका. त्यांच्याकडे जाऊन सरळ "आई, माझं चुकलं, माफ करा" असं म्हणा, त्यांना कळो न कळो. आणि राग इतका चढला की हात पुढे जाईल असं वाटलं, तर त्या सुरक्षित आहेत ना बघून खोलीबाहेर या, किचनमध्ये उभं राहून "प्रभू येशू, माझ्यावर दया कर" एवढंच म्हणा. चादर दहा मिनिटांनी बदलली तरी चालेल.

एलिया संदेष्टा थकून झाडाखाली पडला आणि म्हणाला आता पुरे, माझा जीव घे. देवाने त्याला उपदेश नाही केला, दूत पाठवून भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, उठवून परत खायला दिलं. बायबलमधलं पहिला राजे हे पुस्तक, अध्याय 19. मला तुमच्या पत्रात पापाइतकाच थकवा दिसतो. "सगळं मीच करते" असं लिहिलंय, नवऱ्याचा तर उल्लेखच नाही! त्यांची आई आहे ना? आठवड्यातल्या काही रात्री त्यांनी उठायचं, दीर-नणंदा असतील तर त्यांनीही वाटा उचलायचा, पैशाचा नाहीतर वेळेचा. मदत मागणं हा पण समर्पणाचाच भाग आहे, सगळं एकटीने पेलायचा हट्ट सोडणं. ज्येष्ठांसाठी 14567 ही सरकारी हेल्पलाइन आहे, फोन करून मार्गदर्शन घ्या.

अजून एक, पॅरिशमध्ये, म्हणजे तुमच्या भागातल्या चर्चमध्ये सांगून सासूबाईंसाठी घरी कम्युनियन आणायची सोय करून घ्या, आजारी माणसांसाठी ती असते. त्या वेळी तुम्ही पण त्यांच्या पलंगाजवळ बसून प्रार्थना म्हणा, त्यांना पाठ असलेली गाणी म्हणा, वसईची जुनी गाणी त्यांना तुमच्यापेक्षा जास्त येत असतील. आणि नवऱ्याशी रात्रीच्या पाळीचं बोलणं कन्फेशनच्या आधीच उरकून घ्या.