अध्यक्षांना निरोप देताना

देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेच्या अध्यक्ष ताईंच्या निरोपाचं भाषण पहिल्यांदाच करतोयस, तर ‘अमूल्य योगदान’ आणि ‘न भरून निघणारी पोकळी’ आधी खोडून टाक. त्याऐवजी एकच प्रसंग निवड. देणग्या आटल्या तेव्हा ताईंनी कुणाकुणाचे उंबरठे झिजवले, कोणता खर्च थांबवला आणि कोणता हट्टाने चालूच ठेवला, असं काहीतरी. आकडे खजिनदारांकडून पडताळून घे. चुकलेला आकडा विश्वस्तांना लगेच खटकतो. लाभार्थींना मंचावर बोलावून रडवू नकोस, मला ते कधीच पटलेलं नाही. भेटवस्तू देणगीच्या पैशातून नको, आपापसात वर्गणी काढा. आणि हो, या गडबडीत बँक खात्यावरची सही बदलायची हमखास राहते. तो ठराव आधी करून घ्या, ताईंकडचे संस्थेचे पासवर्डही मागून ठेवा.