माइक हातात असताना गप्प कधी बसायचं?

प्रश्न : सर, मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या भागातल्या जत्रांच्या कुस्ती मैदानांत निवेदन करतो. लोकांना आवाज आवडतो. मला टीव्हीवर समालोचक व्हायचं आहे. मित्र म्हणतात, गावाकडची बोली सोडल्याशिवाय जमणार नाही. मोठा समालोचक नेमका कशाने होतो?
— एक वाचक, विटा (जि. सांगली)

उत्तर : आवाज चांगला आहे ही जमेची बाजू, पण नुसत्या आवाजावर कुणी मोठा समालोचक होत नाही. मैदानात हलगी कडाडत असते, मागच्या माणसाला आखाडा धड दिसत नाही, एकाच वेळी तीन-चार जोड्या लागलेल्या असतात. तिथं तुला बोलत राहावंच लागतं : पठ्ठा कुणाचा, तालीम कुठली, इनाम कुणी लावलं. टीव्हीसमोरच्या माणसाला मात्र कुस्ती तुझ्याइतकीच दिसते, कॅमेऱ्यामुळे कधी तुझ्यापेक्षा जवळून. ‘लालनं पट काढला’, म्हणजे लाल पोशाखातल्यानं समोरच्याचा पाय धरून त्याला पाडलं, हे त्याला सांगून काय उपयोग?

त्याला पट निघायच्या आधीचं हवं असतं. निळा पैलवान खडाखडीत, म्हणजे उभ्यानं झटापट चालू असताना, सारखा पुढच्या पायावर भार टाकतोय, लाल गुडघ्यांत वाकायला लागलाय, त्याची नजर त्याच पायावर आहे, हे झेप पडायच्या आत सांग. मग पट निघाला की घरातली आजीसुद्धा म्हणते, ‘बघ, म्हणालाच होता!’ आणि निळ्यानं पाय मागं फेकून, अंग टाकून पट मोडला, उलट लालच्या पाठीवर जाऊन ताबा घेतला, तर दोन गुण निळ्याला का गेले ते एका वाक्यात सांग. त्यासाठी चेहऱ्यांकडं बघू नकोस, पायांकडं बघ.

यापेक्षा अवघड काम गप्प बसण्याचं. अमेरिकेत बेसबॉलचे विन स्कली हे समालोचक डॉजर्स संघासाठी ६७ हंगाम बोलले. १९८८च्या वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्यात कर्क गिब्सन दोन्ही पाय दुखावलेले असताना शेवटच्या डावात लंगडत आला आणि होमरन मारून, म्हणजे चेंडू थेट प्रेक्षकांत टोलवून, त्यानं सामना जिंकून दिला. चेंडू प्रेक्षकांत पडल्याचं स्कलींनी मोजक्या शब्दांत सांगितलं आणि मग मिनिटभराहून जास्त वेळ ते काहीच बोलले नाहीत. घरोघरी फक्त स्टेडियमचा आवाज पोचत होता. एवढा संयम ज्याच्याकडं आहे, त्याला मी मोठा म्हणतो.

हे शिकता येतं. पुढं क्रिकेटचे नावाजलेले समालोचक झालेले रिची बेनॉ ऑस्ट्रेलियाकडून कसोटी खेळत होते, तेव्हाच १९५६मध्ये त्यांनी बीबीसीत टीव्हीचं प्रशिक्षण घेतलं. चित्रात भर घालता येत असेल तरच बोलायचं, हा त्यांचा नियम पुढं सगळ्यांनी उचलला.

माहिती भरपूर गोळा कर, पण तिची जागा ओळख. समजा मॅटवर कवठेपिरानचा पोरगा आहे. त्याच गावच्या मारुती माने यांनी १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं, हे सांगायलाच हवं. कधी? तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांमध्ये ३० सेकंदांची विश्रांती असते, तेव्हा. पकड लागलेली असताना मानेंचं नाव काढलंस, तर मानेंनाही न्याय नाही आणि त्या पोरालाही नाही. आणि तुझ्या तालमीचा गडी उतरला तरी आवाज तोच ठेव.

मित्रांचं ऐकू नकोस. ढाक, घिस्सा, कलाजंग हे डावांचे शब्द तुझ्या तोंडात आखाड्यातून आलेत, त्यांना पर्याय शोधू नकोस. फक्त शब्दांची टोकं गिळायची नाहीत आणि पैलवानाचं नाव त्याच्याच तोंडून एकदा ऐकून घ्यायचं. हरियाणाचा असो की इराणचा.

आता एक काम कर. मॅटवरच्या एखाद्या कुस्तीचा व्हिडिओ आवाज बंद करून लाव, त्यावर बोल आणि मोबाइलवर रेकॉर्ड कर. दुसऱ्या दिवशी ऐकताना सगळं लिहून काढ आणि डोळ्यांना दिसतच होतं ते प्रत्येक वाक्य खोड. त्यानंतर तीच कुस्ती पुन्हा बोल. दोन्ही रेकॉर्डिंग मला मासिकाच्या पत्त्यावर पाठव, मी नक्की ऐकेन.